रीडमीतला बॅज उगाच लाल दिसू नये म्हणून
आमच्या इंदूरच्या टोळक्याचं एक छोटं मुक्तस्रोत पंचांग आहे. त्याच्या रीडमीत, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या पानावर, एक बॅज आहे: कोडच्या तपासण्या पास तर हिरवी, नापास तर लाल दिसणारी छोटी पट्टी. परवा सराफा बाजारात भुट्ट्याचा कीस खाताना मित्र म्हणाला, "अरे, तुझा बॅज लाल आहे!" कोड ठणठणीत होता, रात्री ठरावीक वेळी आपोआप चालणारं तपासणीचं रन तेवढं आपटलं होतं.

गिटहबवर (कोड ठेवायची साइट) बॅजचा पत्ता हाताने लिहीत बसू नका. अ‍ॅक्शन्समध्ये तुमचा वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या कामांचा क्रम) उघडा, तीन टिंबांतून 'क्रिएट स्टेटस बॅज' घ्या, ब्रँच 'मेन' (कोडची मुख्य शाखा) आणि इव्हेंट 'पुश' (नवा कोड चढवणं) निवडा, म्हणजे रात्रीचं रन आपटलं तरी बॅज लाल होत नाही. मिळालेली मार्कडाउनची (साध्या मजकुरातल्या मांडणीच्या खुणा) ओळ रीडमीत शीर्षकाखाली चिकटवा. वर्कफ्लोच्या फाइलचं नाव बदललंत तर बॅज तुटतो, कारण पत्त्यात तेच नाव असतं.

आणि एका ओळीत दहा बॅज? लग्नमांडवातली तोरणं वाटतात. मी दोनच ठेवतो.