अडकलेल्या वाइनसाठी यीस्टची टरफलं

मार्चात जालन्याकडची द्राक्षं दुपारी तोडली की रस टाकीत जातो तो तापलेलाच. आंबताना तो आणखी तापतो आणि ३५ अंश ओलांडले की यीस्ट माना टाकतं. हायड्रोमीटर, म्हणजे रसाच्या घनतेवरून उरलेली साखर दाखवणारी तरंगती नळी, १.०१५ वर तीन दिवस हलला नाही, तर आंबणं अडकलं.

इथे बहुतेकजण लगेच नवं यीस्ट ओततात आणि तेही वाया जातं. अडचणीतल्या यीस्टनं ऑक्टॅनॉइक आणि डेकॅनॉइक आम्लं सोडलेली असतात. अल्कोहोलच्या जोडीनं ती नव्या पेशींचं आवरण झिजवतात. ती आधी उचलायची. त्यासाठी यीस्टची टरफलं, म्हणजे आतला गर काढलेल्या, वाळवलेल्या पेशीभिंती. या आम्लांना त्या चिकटवून घेतात. पावाचं यीस्ट उकळून टाकणं वेगळं: त्यातला गरही उतरतो आणि वाइनला यीस्टचाच वास धरतो.

पुडा फोडला की आधी वास घ्या. जुन्या शेंगदाणा तेलासारखा खवट वास आला तर फेका, तो वास थेट वाइनमध्ये उतरतो.

आधी बाटलीत चाचणी. १० ग्रॅम टरफलं पाण्यात कालवून एकूण १०० मिली करा. एक एक लिटरच्या तीन बाटल्यांत २, ३ आणि ४ मिली घाला, चौथी कोरी ठेवा. दर वेळी कालवण हलवूनच उपसा, तळाला बसतं. दुसऱ्या दिवशी हुंगा. जास्त मात्रेत फळाचा वासही जातो, म्हणून भागेल तेवढीच कमी मात्रा धरा. १०० लिटरला साधारण २५ ते ४० ग्रॅम. ४० च्या पुढे नको.

१०० लिटरच्या टाकीसाठी ३० ग्रॅम टरफलं ३०० मिली कोमट पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत घोटा. कोरडी भुकटी वरून टाकली तर नुसती तरंगते. ओतून नीट ढवळा, २४ ते ४८ तास राहू द्या आणि गाळ तळाशी ठेवून वरची वाइन दुसऱ्या टाकीत घ्या. मगच नवं यीस्ट. तेही थोडी थोडी वाइन पाजून सरावलेलं, आणि टाकी २० ते २५ अंशांवर. ओलं गोणपाट गुंडाळून पंखा लावला तरी बराच फरक पडतो.

व्हिनेगरसारखा आंबट वास मात्र टरफलांनी जात नाही.