सिम मायक्रोस्कोपवर जिवंत पेशीत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी येत होती, ती कशी गेली

सोलापुरातली आमची लॅब, मे महिना. सिम म्हणजे नमुन्यावर पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकून बरेच फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांचा एकच जास्त बारीक फोटो बनवायचा (रिकन्स्ट्रक्ट करायचा). हेला पेशींच्या (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सर पेशी) मायटोकॉन्ड्रियाचे सिम फोटो रिकन्स्ट्रक्ट केले की सगळीकडे षटकोनी जाळी दिसायची, फिक्स केलेली (रसायनानं मारून जागच्या जागी स्थिर केलेल्या पेशींची) स्लाइड मात्र एकदम स्वच्छ. लेझर वाढवला तर पेशीच मरायला लागल्या, वीनर फिल्टर (रिकन्स्ट्रक्शनमध्ये नॉइज दाबणारं सेटिंग) बदलला तर जाळी फिकी झाली पण बारकावेही गेले. तीन आठवडे गेले, रडू यायचं बाकी होतं.

मग लक्षात आलं, फिक्स स्लाइड एसीत २३ डिग्रीला बघतो आणि जिवंत पेशी ३७ ला. लेन्स आणि काच यांच्यामध्ये जे तेल घालतो ते गरम झालं की त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) कमी होतो, १.५१८ चं तेल तिथं १.५१३ च्या आसपास येतं, म्हणजे गडबड तेलाचीच!

आता असं करतो. चेंबर आणि ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची लेन्स) यांचे हीटर चार तास आधी चालू, एसीचा झोत स्टेजवर येऊ द्यायचा नाही. जुनं तेल लेन्स पेपरनं पुसून ३७ डिग्रीला १.५१८ असलेलं तेल, एकच थेंब. मग १०० नॅनोमीटरच्या चमकणाऱ्या मण्यांची डिश ठेवून अर्धा तास थांबायचं आणि झेड-स्टॅक (फोकस वरखाली करत एकामागून एक फोटो) घ्यायचा, फोकसच्या वर आणि खाली वलयं सारखी दिसली पाहिजेत, नाहीतर तेल बदला, ही पायरी अजिबात सोडू नका. त्यानंतरच पेशींची डिश, फिनॉल रेड हा रंग नसलेल्या मीडियात (पेशी ज्यात ठेवतो त्या द्रवात), तीही अर्धा तास स्थिरावू द्यायची. टू-डी सिमला पट्ट्यांचे ३ कोन गुणिले ३ फेज (पट्ट्या थोड्या थोड्या सरकवून) असे ९ फोटो लागतात, तेवढ्यात मायटोकॉन्ड्रिया हलतात म्हणून एक्स्पोजर २० मिलिसेकंद.

जाळी गेली.