वेत लहान पडतंय? हिवाळी पैदाशीआधी नराची वही उघडा

दिवाळीच्या आगेमागे वराहपालकांकडून एकच तक्रार ऐकू येते. माद्या नीट फळल्या, दिवस भरले, आणि व्यायल्या तेव्हा पिल्लं सहा-सातच. आधीच्या वेताला त्याच माद्यांनी दहा-अकरा दिली होती. बहुतेक जण उन्हाळ्याला दोष देतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण काही फार्मवर दोष उन्हाचा नसतो, नराच्या गुणसूत्रांचा, म्हणजे पेशीतल्या वंशाचे गुण वाहून नेणाऱ्या धाग्यांचा असतो. तो ओळखला गेला नाही की हिवाळ्याच्या पैदाशीला तोच नर पुन्हा लावला जातो.

आधी उन्हाचा हिशेब करू. डुकरिणीचा गर्भकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे मे महिन्यात भरवलेली मादी सप्टेंबरात विते. नराच्या शरीरात शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण दीड महिना लागतो. त्यामुळे मृग बरसून हवा गार झाली तरी उन्हात बिघडलेलं वीर्य जुलै अखेरपर्यंत त्रास देतं. जुलैत भरवलेल्या माद्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वितात, म्हणून दिवाळीपर्यंतची वेतं लहान पडली तर लगेच नराला बट्टा लावू नका. ऑगस्टपासून भरवलेल्या माद्या मात्र नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरात वितात. त्या वेतांत पिल्लांची संख्या पूर्ववत व्हायला हवी. उन्हाचा फटका फार्मवरच्या सगळ्या नरांना एकाच वेळी बसतो आणि ओसरतोही. एकाच नराची वेतं डिसेंबरातही लहान असतील आणि शेजारच्या नराची भरली असतील, तर शंका घ्यायची वेळ आली.

आता गुणसूत्रांकडे येऊ. पाळीव डुकराच्या प्रत्येक पेशीत ३८ गुणसूत्रं असतात, १९ जोड्या. डुकरांत सर्वात जास्त आढळणारा दोष म्हणजे दोन वेगळ्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसांत अदलाबदल. याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. दोन पोथ्या बांधताना एकीची शेवटची पानं दुसरीत आणि दुसरीची पहिलीत गेली, असं समजा. पान एकही हरवलेलं नाही, म्हणून असा नर दिसायला धडधाकट असतो. वाढ चांगली, माद्यांवर चढतो उत्साहाने, सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यही बहुधा उत्तम दिसतं. घोळ होतो तो शुक्राणू बनताना. तिथे गुणसूत्रं निम्मी वाटली जातात आणि काही शुक्राणूंत एक तुकडा दुप्पट जातो, दुसरा येतच नाही. असा शुक्राणू बीजाला फळवतो, गर्भ तयार होतो आणि काही दिवसांत मरतो.

मादी एका माजात पंधरा-वीस बीजं सोडते. त्यातले बरेच गर्भ असे गेले तरी उरलेल्यांवर गाभ टिकतो. म्हणून मादी उलटत नाही, म्हणजे पुन्हा माजावर येत नाही, फक्त वेत लहान पडतं, साधारण पाव ते निम्म्यानं. बाराव्या दिवसाच्या सुमारास चारपेक्षा कमी गर्भ उरले, तर मात्र मादीच्या शरीराला गाभाचा पुरेसा संकेत मिळत नाही आणि ती पुन्हा माजावर येते.

डुकरातल्या अशा अदलाबदलीची पहिली नोंद १९६४ मध्ये स्वीडनमध्ये झाली, तीही एका नराची वेतं सतत लहान पडतात म्हणून. फ्रान्समध्ये तुलूझच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेने कृत्रिम रेतनासाठी निवडलेल्या ७,७०० हून अधिक तरुण नरांची गुणसूत्रं तपासली. त्यात ०.४७ टक्के नरांत असे फेरफार सापडले, म्हणजे जवळपास दोनशेत एक. तुम्हाला हे प्रमाण नगण्य वाटेल. पण मादीत दोष असेल तर तिचीच वेतं लहान पडतात, आणि नरात असेल तर तो ज्या ज्या मादीवर जाईल तिची. समजा, एक नर वीस माद्यांना वापरला, प्रत्येकीची वर्षाला दोन वेतं, आणि दर वेताला चार पिल्लं कमी. वर्षाला १६० पिल्लं गेली, आणि त्यातलं एकही मेलेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एका फसवणुकीची. गर्भाशयात गर्दी कमी म्हणजे उरलेली पिल्लं मोठी. सहा पिल्लांच्या वेतातलं पिल्लू बारा पिल्लांच्या वेतातल्यापेक्षा जन्मतःच भरलेलं दिसतं, दूध भरपूर मिळतं, वाढ झपाट्याने होते. पैदाशीसाठी नर निवडताना आपला हात नेमका त्याच्यावर जातो. आणि अशा नराच्या जगलेल्या पिल्लांपैकी साधारण निम्म्यांमध्ये बापाचीच अदलाबदल उतरलेली असते. म्हणून पैदाशीचं पिल्लू निवडताना आधी वेत मोजा, मग पिल्लू तोला. लहान वेतातलं देखणं पिल्लू कत्तलीसाठी वाढवा, पैदाशीला ठेवू नका. हा दोष कधी कधी निरोगी आईबापांच्या पोटीही नव्याने उपजतो, त्यामुळे चांगल्या वंशावळीच्या कागदावर विसंबू नका.

लहान वेताची कारणं बरीच आहेत. त्यातून वाट काढायला सुकलेली पिल्लं मदत करतात. साधारण पस्तीस दिवसांच्या आत मेलेला गर्भ शरीरात जिरून जातो, त्याच्यानंतर हाडं धरलेली असतात म्हणून तो काळपट, सुकलेला बाहेर येतो. गुणसूत्रदोषातले गर्भ बहुतेक लवकरच मरतात. तेव्हा वेत लहान, पण सुकलेली पिल्लं नाहीत, असं चित्र नराकडे बोट दाखवतं. वेगवेगळ्या आकारांची सुकलेली पिल्लं पडत असतील तर आधी पार्व्हो या विषाणूचा विचार करा, विशेषतः पहिलटकरणींत. गाभ उशिरा टाकला जात असेल तर लेप्टोस्पायरा आणि ब्रुसेला हे गाभ पाडणारे जिवाणू तपासून घ्या. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यामुळे लेप्टोचा धोका वाढतो. लहान माद्यांची योनी माज नसताना सुजलेली दिसली तर मका पाहा. ओला, बुरशी धरलेला मका या दिवसांत सर्रास खाद्यात जातो आणि त्यातलं बुरशीचं विष मादीचं माजाचं चक्र बिघडवतं.

वही साधी ठेवा. मादीचा बिल्ला, नर कोणता, भरवल्याची तारीख, उलटली का, आणि व्यायल्यावर जिवंत, मेलेली, सुकलेली किती. मोजणी व्यायल्याबरोबर करा. दूध तोडतानाची संख्या इथे कामाची नाही, कारण मधल्या काळात चिरडून मेलेली पिल्लं हिशेब बिघडवतात. एका-दोन वेतांवरून निकाल देऊ नका. पहिलटकरणीचं वेत लहानच असतं, तिसऱ्या ते पाचव्या वेताला मादी पुरी बहरते. वेगवेगळ्या माद्यांची निदान आठ-दहा वेतं एका नराच्या नावावर जमली की सरासरी काढा आणि त्याच माद्यांनी दुसऱ्या नराला दिलेल्या वेतांशी ताडून पाहा. तुलना जातीतच करा. गोव्यातल्या आगोंद गोवन या देशी डुकराचं वेत यॉर्कशायर या विलायती जातीपेक्षा मुळातच लहान असतं, ते त्या जातीचं माप आहे, दोष नाही.

एक सवय मात्र आजच सोडा. खात्रीसाठी एकाच माजात एका मादीवर दोन नर सोडतात, किंवा दोन नरांचं वीर्य मिसळून रेतन करतात. अशाने सदोष नर चांगल्या नराच्या आड वर्षानुवर्षं लपून राहतो. एका माजात दोनदा भरवायचं असेल तर दोन्ही वेळा नर एकच ठेवा.

पिल्लं पाहताना आणखी एक गोष्ट. मादीसारखंच पिल्लू, पण योनीचं टोक वर वळलेलं किंवा आत गाठ जाणवणारी, असं दिसलं तर ते बहुधा मिश्रलिंगी असतं. अशी पिल्लं वांझ असतात आणि डुकरांत हा दोष बऱ्याचदा वंशाने येतो. त्याची भावंडं पैदाशीला ठेवू नका, आणि एकाच नराच्या वेतांत पुन्हा पुन्हा दिसलं तर नरही बदला.

शंका पक्की झाली की त्या नराला भरवणं थांबवा आणि गुणसूत्र तपासणी करून घ्या. गाई-म्हशींच्या वळूंची अशी तपासणी वीर्य केंद्रांवर नेहमी होते. डुकरासाठी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या पशुआनुवंशिकी विभागाला आधी फोन करून विचारा. तपासणीत दोष निघाला तर नर खच्ची करून कत्तलीला काढा, मांसाला काहीही बाधा नसते. त्याची मुलं पैदाशीतून बाद करा. ठेवलेल्या मुलींची तपासणी करा, नाही तर त्यांनाही मांसासाठीच वाढवा. आणि कृपा करून असा नर दुसऱ्या पालकाला पैदाशीसाठी विकू नका. त्याच्या घरचं वर्ष तुमच्या सात-आठ हजारांसाठी बुडेल.

रक्त पशुवैद्यकाकडूनच काढून घ्या, आणि हिरव्या बुचाच्या हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) बाटलीत. जांभळ्या बुचाची चालत नाही. प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशी जिवंत वाढवाव्या लागतात, सुमारे तीन दिवस. म्हणून बाटली गोठवू नका, थर्मासच्या डब्यात ठेवा आणि बर्फ थेट लागू देऊ नका. नमुना एक-दोन दिवसांत पोचला पाहिजे, तेव्हा रक्त सोमवारी काढा, शनिवारी काढलं तर बाटली कुरिअरच्या गोदामात पडून राहील.