खान्देशच्या उन्हात इंजिनासाठी कोणते ऑइल निवडावे

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की ‘जरा दाट ऑइल टाका’ हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. काही इंजिनांना तो मानवतो, काहींना मात्र त्याने नुकसानच होते.

डब्यावरील १०डब्ल्यू-३० यातील पहिला आकडा थंडीत ऑइल किती प्रवाही राहते ते सांगतो, तर दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट असते ते सांगतो. थंडीत इंजिन फिरवण्याची चाचणी २०डब्ल्यू ऑइलसाठी उणे १५ आणि १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांवर घेतात. धुळ्याची जानेवारीची पहाट कितीही गारठ्याची असली तरी ती या आकड्यांच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे आपल्याकडे खरा विचार दुसऱ्या आकड्याचा करावा लागतो.

तो करताना इंजिन पाण्याने थंड होते की हवेने, हे आधी पाहावे. मोटारीत रेडिएटर आणि थर्मोस्टॅट इंजिनाचे तापमान सांभाळत असल्याने बाहेरच्या उन्हाचा ऑइलवर फारसा परिणाम होत नाही. कंपनीने ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या नव्या मोटारीत २०डब्ल्यू-५० ओतल्यास ते अरुंद मार्गांतून सावकाश फिरते आणि मायलेजही घटते.

हवेने थंड होणाऱ्या पॉवर विडरची (तण काढणाऱ्या छोट्या यंत्राची) गोष्ट वेगळी आहे. कपाशीच्या दोन ओळींतून तो पूर्ण थ्रॉटलवर, पण संथ चालतो, त्याच्या सिलिंडरवरील उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांमध्ये (फिन्स) धूळ आणि काडीकचरा अडकतो आणि थंड करायला मिळते तीही तापलेलीच हवा. अशा इंजिनाच्या पुस्तिकेत बहुधा तापमानानुसार ऑइलचा तक्ता असतो. काही कंपन्या त्यात स्पष्ट लिहितात की २७ अंशांच्या वर १०डब्ल्यू-३० अधिक जळू शकते, म्हणून उन्हाळ्यात एसएई ३० (एकाच आकड्याचे ऑइल) वापरावे. तक्त्यात परवानगी असेल तेवढाच बदल करावा. यांपैकी अनेक इंजिनांत ऑइल पंपाने नव्हे, तर उडवून पसरवले जाते आणि फार दाट ऑइल नीट उडत नाही.

मोटारसायकलीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून ग्रेड जुळूनही मोटारीचे ऑइल त्यात घालू नये, कारण घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे क्लच घसरू शकतो. डब्यावर जासो या जपानी मानकाचे एमए किंवा एमए२ लिहिलेले असावे. गिअर नसलेल्या स्कूटरसाठी एमबी चालते. टू-स्ट्रोक फवारणी पंपाला हे आकडे लागूच नाहीत. त्यात टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये, पुस्तिकेतील प्रमाणातच मिसळावे.

पातळी तपासताना यंत्र बांधावर तिरके नव्हे, तर सपाट जागी, इंजिन बंद करून ठेवावे. नव्या चार-स्ट्रोक छोट्या इंजिनाचे पहिले ऑइल साधारण २० तासांनी बदलतात. धुळीच्या रानात पुढचे बदलही पुस्तिकेतील मुदतीआधीच करावेत, कारण ऑइलमध्ये गेलेली माती योग्य ग्रेडलाही जुमानत नाही.