निवृत्त सैनिकांच्या मेळाव्यात हलकाफुलका विनोद कसा सांगावा

निवृत्त सैनिकांच्या स्नेहमेळाव्यात चार विनोदी किस्से सांगण्याची जबाबदारी अंगावर आली की वक्त्यासमोर तीन विषय आपोआप उभे राहतात: वाढलेले वय, फौजेतले दिवस आणि राजकारण. हे तिन्ही विषय श्रोत्यांच्या जिव्हाळ्याचे असतात आणि तिन्ही नाजूकही असतात, कारण वयाची थट्टा दुखऱ्या गुडघ्यावर बोट ठेवते, फौजेची थट्टा न परतलेल्या सोबत्याच्या आठवणीपाशी पोहोचू शकते, आणि राजकारणाची थट्टा शेजारी बसलेल्या दोन जुन्या मित्रांत भांडण लावू शकते. तरीही हे विषय टाळू नयेत. ज्या माणसांनी आयुष्याचा मोठा भाग कडक शिस्तीत काढला आहे, त्यांना मनमोकळे हसवणे हे सेवेचेच काम आहे असे मी मानतो. त्यासाठी मी एकच कसोटी वापरतो: ज्याच्यावर विनोद आहे, त्याला तो घरी जाऊन स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगावासा वाटला पाहिजे. पुढे जे लिहिले आहे ते सगळे ही कसोटी प्रत्यक्षात कशी उतरवायची याविषयी आहे.

सुरुवात सामग्री जमवण्यापासून करावी. छापील विनोदांच्या संग्रहातून उचललेला किस्सा सैनिकांना लगेच ओळखू येतो, कारण त्यात बूट असतात पण बुटांची लेस नसते. म्हणून मेळाव्याच्या आठवडाभर आधी श्रोत्यांपैकी दोघा-तिघांना भेटावे. त्यांना ‘एखादा गमतीदार किस्सा सांगा’ असे म्हणू नये. असे विचारले की भल्याभल्यांना काही आठवत नाही. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारावेत: भरती झाल्यावर पहिल्या आठवड्यात कशासाठी ओरडा खाल्ला? रजेच्या अर्जात कोणते कारण लिहिले होते? बराकीत सर्वांत मोठ्याने कोण घोरत असे, आणि त्याच्यावर उपाय काय केला होता? अशा प्रश्नांनी माणूस थेट त्या बराकीत जातो, आणि तिथून तो जे घेऊन येतो त्यात वास, आवाज आणि वेळ असते. सांगितलेला प्रत्येक तपशील वहीत त्याच्याच शब्दांत टिपावा. तो ‘उस्ताद’ म्हणाला असेल तर आपण ‘प्रशिक्षक’ लिहू नये.

फौजी विनोदाचे इंजिन एका विसंगतीवर चालते: वरून आलेला हुकूम आणि खाली पायाखालची परिस्थिती यांचे न जुळणे. पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१६ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्र या उद्ध्वस्त शहरात ब्रिटिश सैनिकांना एक सोडून दिलेले छपाईयंत्र सापडले आणि कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स यांच्या संपादनाखाली त्यांनी खंदकातले विनोदी वृत्तपत्र सुरू केले. त्यात एक नकली जाहिरात होती, आणि ती औषधाच्या जाहिरातीच्या गंभीर भाषेत विचारत होती की तुम्हाला आशावादाचा विकार तर जडलेला नाही ना. लक्षणेही दिली होती: सकाळी उठल्यावर सगळे ठीक चालले आहे असे वाटते का, युद्ध वर्षभरात संपेल असा विचार मनात येतो का. उपाय म्हणून जाहिरातदारांच्या आस्थापनेत, म्हणजे आघाडीवर, दोन दिवस राहण्याचा सल्ला होता. या विनोदात शत्रूची टिंगल नाही, कोणाच्या मरणाची थट्टा नाही, आणि तरीही खंदकात उभ्या असलेल्या प्रत्येकाचे दुःख त्यात पूर्ण सांगितले गेले आहे. मी फौजी विनोदाचा आदर्श म्हणून नेहमी याच जाहिरातीकडे पाहतो.

दुसरा धडा अमेरिकी व्यंगचित्रकार बिल मॉल्डिन यांच्याकडून घ्यावा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी काढलेले पायदळाचे सैनिक दाढी वाढलेले, चिखलाने माखलेले आणि कमालीचे थकलेले असत. जनरल पॅटन यांना ही गबाळी माणसे मुळीच आवडली नाहीत आणि त्यांनी मॉल्डिन यांना बोलावून खडसावले. सैनिकांना मात्र तीच चित्रे आपली वाटली, आणि १९४५ मध्ये २३ वर्षांच्या मॉल्डिन यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यांच्या एका चित्रात घोडदळातून आलेला एक जुना सार्जंट चाक मोडलेल्या जीपसमोर उभा आहे. पाय मोडलेल्या घोड्याला वेदनेतून सोडवावे तसे त्याने एका हाताने डोळे झाकले आहेत आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल जीपवर रोखले आहे. सार्जंट हास्यास्पद दिसतो, पण लहान होत नाही, कारण आपण हसतो ते त्याच्या मायेला. फौजी पात्र रंगवताना त्याचा मूर्खपणा शोधण्याऐवजी त्याची एखादी निष्ठा शोधावी आणि ती चुकीच्या जागी नेऊन ठेवावी.

जखमेवरचा विनोद हा वेगळा विषय आहे आणि त्यात एकच नियम आहे: तो फक्त जखमी माणसाने करावा. सॅम माणेकशा १९४२ मध्ये ब्रह्मदेशात पोटात मशीनगनच्या गोळ्या लागून अत्यवस्थ झाले होते. शल्यविशारदाने काय झाले असे विचारल्यावर ‘खेचराने लाथ मारली’ असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. हेच वाक्य त्यांच्याविषयी दुसऱ्या कोणी त्या खोलीत उच्चारले असते तर ते क्रूर ठरले असते. आपण हा किस्सा सांगताना तो त्यांच्या धैर्याचा किस्सा म्हणूनच सांगावा.

आता वयाकडे वळतो. वयावरच्या विनोदात शरीराच्या तक्रारी येणारच, पण तक्रारीचे नाव उच्चारले की विनोद दवाखान्यात जातो. एका निवृत्त सैनिकाने मला सांगितलेले वाक्य इथे जसेच्या तसे देतो: ‘तरुणपणी पहाऱ्यासाठी मला दोघे जण गदागदा हलवून उठवत असत. आता रात्रीतून तीन वेळा पहाऱ्याला जातो, कोणीही न उठवता.’ या वाक्यात म्हातारपणाचा शब्दही नाही, लघवीचा उल्लेख नाही, आणि तरीही सभागृहातल्या प्रत्येक ज्येष्ठाला तो पहारा कुठे असतो हे ठाऊक असते. मधली पायरी वक्त्याने सोडायची आणि ती श्रोत्याने भरायची. ती भरताना जो क्षण जातो, त्याच क्षणी हसू फुटते. हेच वाक्य ‘वयामुळे रात्री सारखे लघवीला उठावे लागते’ असे सुरू करून पाहावे, म्हणजे फरक लगेच कळेल.

त्याच वाक्यात मराठीपुरती एक खास युक्ती दडलेली आहे. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे हशा पिकवणारा शब्द बहुधा मध्येच अडकतो आणि त्याच्यामागे ‘होते’, ‘असत’, ‘लागते’ अशी शेपटी राहते. ती शेपटी ऐकेपर्यंत लोक हसू दाबून धरतात किंवा हसण्यात शेपटी बुडते, आणि दोन्ही वेळा रंग उणावतो. ‘कोणीही न उठवता तीन वेळा पहाऱ्याला जातो’ असे व्याकरणशुद्ध क्रमाने म्हटले तर वाक्य बरोबर असते, पण मेलेले असते. म्हणून प्रत्येक किश्श्याचे शेवटचे वाक्य कागदावर लिहून काढावे, कळीच्या शब्दाखाली रेघ मारावी आणि तो शब्द अगदी शेवटी येईपर्यंत वाक्य उलटसुलट करून पाहावे. पंधरा मिनिटांचे हे काम आहे, पण माझ्या मते संपूर्ण तयारीत याच्याइतके फळ देणारे दुसरे काही नाही.

ऐकू येण्याचा प्रश्न मी स्वतः चुकून शिकलो. एका मेळाव्यात मी कमी ऐकू येणाऱ्या एका जुन्या सैनिकाचा किस्सा सांगितला आणि सभागृह हसले. पहिल्या रांगेत बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी कानामागे हात धरून शेजाऱ्याला विचारले, ‘काय म्हणाले?’ शेजारी हसत हसत म्हणाला, ‘नंतर सांगतो.’ त्या गृहस्थांनी हात खाली घेतला आणि इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहत तेही हसले. तो हात खाली येतानाचे दृश्य मी विसरू शकलेलो नाही. तेव्हापासून बहिरेपणावरचा विनोद मी सांगत नाही, आणि जो सांगतो तो शेवटच्या माणसाला ऐकू जाईल याची व्यवस्था आधी करतो.

ही व्यवस्था कशी करावी हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. वयानुसार ऐकणे कमी होते तेव्हा सहसा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि तोफा-बंदुकांच्या आवाजात वर्षे काढलेल्यांचे कान त्याही आधी थकलेले असू शकतात. उंच पट्टीत येतात ते प्रामुख्याने ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण. स्वर ऐकू येतात, पण शब्द कोणता ते कळत नाही. म्हणून एका अक्षराच्या फरकावर उभी असलेली कोटी अशा सभेत करू नये, ती कितीही सुंदर असली तरी. प्रसंगावर उभा असलेला किस्सा निवडावा, कारण त्यातला एखादा शब्द निसटला तरी चित्र निसटत नाही. ओरडून बोलू नये. ओरडण्याने स्वर मोठे होतात आणि व्यंजने तशीच राहतात. ध्वनिक्षेपक तोंडाजवळ, पण ओठ झाकले जाणार नाहीत असा धरावा, कारण अनेक जण नकळत ओठ वाचत असतात. चेहऱ्यावर उजेड असावा, आणि विनोदाच्या वेळी पार्श्वसंगीत बंद ठेवण्याची विनंती संयोजकांना आधीच करावी.

विसरभोळेपणावर बोलताना सीमा काटेकोरपणे पाळावी. कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणे हा सर्वांचा अनुभव आहे आणि त्यावर खुशाल हसावे. मुलाचे नाव न आठवणे हा आजार असू शकतो, आणि श्रोत्यांत एखादी पत्नी तोच आजार रोज सोसत बसलेली असू शकते.

राजकारण शेवटी घेतो, कारण तिथे घाई केली की पस्तावावे लागते. अनेक देशांत सेवेतील सैनिकाला उघडपणे पक्षीय राजकारण करता येत नाही. निवृत्तीनंतर ती मोकळीक मिळते आणि वर्षानुवर्षे साठलेली मते बाहेर पडतात. त्यामुळे श्रोत्यांत सर्व बाजूंचे कट्टर लोक असणार असे धरूनच तयारी करावी. इथे अदलाबदलीची परीक्षा उपयोगी पडते: विनोदातल्या पक्षाचे किंवा नेत्याचे नाव काढून विरोधकाचे घालावे. विनोद तरीही तितकाच हसवत असेल तर तो सत्तेच्या स्वभावावर आहे आणि तो नावाशिवाय सांगता येतो; हसवत नसेल तर तो केवळ शिवी आहे, आणि तो वगळावा. या परीक्षेतून गेलेला एक नमुना देतो: ‘कवायतीच्या मैदानावर उस्ताद म्हणायचा, बघतो तुला. आणि तो खरोखर बघायचा. उमेदवार म्हणतो, बघतो तुमचे काम. त्यानंतर पुढच्या निवडणुकीपर्यंत त्याला आपणच बघतो, फलकावर.’ यात उस्तादाचा मान वाढतो, उमेदवार कोणत्याही पक्षाचा असू शकतो, आणि ‘बघतो’ हा शब्द सर्वांच्या घरातला आहे.

वय आणि राजकारण एकाच वाक्यात कसे हाताळावे याचा उत्तम नमुना २१ ऑक्टोबर १९८४ रोजी कॅन्सस सिटी येथील वादसभेत घडला. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन तेव्हा ७३ वर्षांचे होते आणि आधीच्या फेरीत ते थकलेले दिसल्याची चर्चा होती. वयाविषयी थेट प्रश्न आला तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले की या निवडणुकीत वयाचा मुद्दा मी करणार नाही; माझ्या प्रतिस्पर्ध्याचे तारुण्य आणि अननुभव यांचा राजकीय फायदा मी उठवणार नाही. प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेल ५६ वर्षांचे होते, आणि तेही मनापासून हसले. माँडेल यांचे ते हसू या प्रसंगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. टोला बसला, पण ज्याला बसला तोही हसणाऱ्यांत सामील झाला.

तिन्ही विषय एकत्र आणायचे असतील तर जनरल मॅकआर्थर यांचे भाषण हाताशी आहे. एप्रिल १९५१ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना पदावरून दूर केले, आणि १९ एप्रिलला अमेरिकी संसदेपुढे त्यांनी बराकीतल्या एका जुन्या गीताची ओळ म्हटली: म्हातारे सैनिक मरत नाहीत, ते नुसते विरून जातात. तेव्हापासून त्या साच्यावर लोकांनी असंख्य वाक्ये रचली आहेत, आणि आपल्या श्रोत्यांतल्या प्रत्येक शाखेसाठी एकेक रचणे हा तयारीचा आनंददायी भाग ठरतो. ‘निवृत्त उस्ताद कधी निवृत्त होत नाहीत, फक्त त्यांची पलटण बदलते: आता नातवंडे.’

सादरीकरणाबाबत थोडकेच सांगण्यासारखे आहे. दहा मिनिटांत पाच किस्से पुरतात. फौजेपासून सुरुवात करावी, कारण ती सर्वांची सामाईक मिळकत आहे. वय मध्ये ठेवावे आणि राजकारण शेवटच्या दोन मिनिटांत उरकावे. हशा ओसरू लागल्यावर, पण पूर्ण थांबण्याआधी, पुढचे वाक्य सुरू करावे. एखादा किस्सा पडला तर त्याचे स्पष्टीकरण देऊ नये. हुतात्म्यांना आदरांजली वाहण्याचा कार्यक्रम त्याच दिवशी असेल तर विनोद त्यानंतर लगेच ठेवू नये. मध्ये चहापानाची किंवा गाण्याची वेळ जाऊ द्यावी.

भाषण संपवून खाली बसल्यावर सभागृह सोडण्याची घाई करू नये. थोड्याच वेळात कोणीतरी खुर्ची ओढून जवळ येतो आणि ‘आमच्या वेळी तर’ असे म्हणून सुरू करतो. तेव्हा वही उघडावी, तारीख टाकावी आणि तो जसे सांगेल तसे लिहून घ्यावे.