समोरचा फ्लॉपआधी कसा खेळतो हे दोन आकड्यांवरून ओळखा

ऑनलाइन पोकरमध्ये हडवर (स्क्रीनवर प्रत्येक खेळाडूचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) इतके आकडे दिसतात की निर्णय घेईपर्यंत टायमर संपतो. फ्लॉपआधी, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडण्याआधी, फक्त व्हीपीआयपी (किती टक्के हातांत, म्हणजे डावांत, तो स्वतःहून पैसे लावतो) आणि पीएफआर (किती टक्के हातांत तो फ्लॉपआधी रेज करतो, म्हणजे बोली वाढवतो) बघा, आणि मुख्य म्हणजे दोघांतला फरक.

१. फरक कमी, उदा. २४/२० (आधी व्हीपीआयपी, मग पीएफआर): हा डावात उतरला की बहुतेक वेळा रेजच करतो, म्हणजे खेळणारा माणूस आहे, उगाच ब्लफ करायला जाऊ नका.

२. फरक मोठा, उदा. ४०/८: हा नुसता कॉल करत बसतो, म्हणजे बोली न वाढवता तेवढेच पैसे टाकतो. चांगले पत्ते आले की मोठी रेज करा, तो येणारच. पण त्यानेच रेज केली तर सावध, कारण ८ टक्के म्हणजे साधारण अठ्ठीपासून वरच्या जोड्या आणि मोठे एक्के एवढंच, तिथे राजा-दहा वगैरे सरळ टाकून द्या (इथेच लोकांचे पैसे जातात).

३. जागाही बघा, एकूण पीएफआर २० असलेला बटनवरून (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळणारी जागा) बराच जास्त रेज करतो आणि सुरुवातीच्या सीटवरून कमी.

फक्त हातांची संख्या आधी तपासा, २०-३० हातांवरचे आकडे धरू नका, शंभरेक तरी हवेत, थ्री-बेटच्या (रेजवर पुन्हा केलेली रेज) आकड्याला तर त्याहून कितीतरी जास्त.