कळसूबाई आणि भंडारदऱ्याचे धबधबे: पावसाळ्यात दोन दिवसांचा बेत कसा आखावा

सगळ्यात आधी, शनिवार-रविवार टाळा. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मुंबई, पुणे, नाशिक अशी तिन्ही गावं तिथे लोटतात. शिड्यांपाशी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की भर पावसात नुसतं तिष्ठत बसायचं. मंगळवार-बुधवारची रजा टाका.

मुक्काम भंडारदऱ्याला, म्हणजे शेंडी गावात. मुंबईहून इगतपुरी, घोटी आणि कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून शेंडी. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क घेतात, तेव्हा सुट्टे पैसे जवळ असू द्या. डोंगरात मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो.

पहिला दिवस धबधब्यांना द्या, दुसऱ्या दिवशी पहाटे शिखर. उलटं केलंत तर दुसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतात.

धबधब्यांकडे निघण्याआधी हॉटेलवाल्याला एकच प्रश्न विचारा: धरणातून पाणी सोडलंय का? प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते, १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणात, म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणात, अडते आणि तिथून सुटून पुढे रंधा धबधब्यापाशी दरीत कोसळते. म्हणजे रंध्याचा जोर तुमच्या डोक्यावरच्या पावसावर नाही, धरणाच्या विसर्गावर ठरतो. ऊन पडलेलं असतानाही पाणी वाढू शकतं. रंधा कठड्यामागूनच बघा. अंब्रेला फॉलचंही तसंच. धरणाच्या पायथ्याशी गोल कातळावरून पाणी छत्रीसारखं पसरतं, पण सोडलं तरच. दुपार उरली तर जलाशयाच्या कडेने रतनवाडीला जा, अमृतेश्वराचं देऊळ बघा. वाटेत डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याच्या रेघा मोजता येणार नाहीत इतक्या. साम्रदची सांदण दरी मात्र आत्ता नको. दोन उभ्या कड्यांमधली घळ ती. पाणी शिरलं तर बाजूला व्हायला जागाच नाही.

वाटेतल्या एखाद्या ओढ्यात पाय घालायचा मोह होणारच. उतरण्याआधी काठाजवळचा, अर्धा पाण्याबाहेर असलेला एक दगड हेरून ठेवा आणि अधूनमधून त्याच्याकडे बघा. दगड बुडायला लागला, पाणी गढूळलं, काटक्या आणि पाला वाहून येऊ लागला, तर चपला शोधत बसू नका. तिथल्या तिथे काठावर या. फोटोवाल्यालाही ओढून आणा.

दुसऱ्या दिवशी साडेपाच-सहाला बारीतून चालायला लागा. चढायला साधारण तीन तास धरा. सुरुवातीची वाट शेतांतून जाते, मग चढण आणि पुढे लोखंडी शिड्या. बुटांचा तळ खोल खाचांचा हवा. मी एकदा नवेकोरे धावायचे बूट घालून गेलो होतो. शेवाळलेल्या कातळावर असा बसलो की उरलेला डोंगर बसूनच उतरलो म्हणायला हरकत नाही. छत्री खोलीवर ठेवा, दोन्ही हात मोकळे लागतात. झग्यासारखा रेनकोटही नको. वाऱ्याने तो फुगतो आणि शिडीवर स्वतःचीच पावलं दिसत नाहीत. कमरेपर्यंतचं जाकीट बरं. सॅकमध्ये दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, टॉर्च आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कोरडा सदरा. तो सदरा वर देवीच्या देवळापाशी, गार वाऱ्यात, सोन्याच्या मोलाचा वाटतो.

माथ्यावर धुकं असलं तर काहीही दिसणार नाही, हे आधीच मान्य करून जा. धुकं फाटलंच तर खाली भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो.

खरं काम उतरताना असतं. चढताना दम लागतो, उतरताना लक्ष उडतं. शिडी उभी असेल तिथे तोंड शिडीकडे करूनच उतरा, एका वेळी एक पाऊल, आणि वरचा माणूस पुरेसा मागे राहू द्या. पायऱ्यांवर टाच टेकवून नाही, अख्खं पाऊल टेकवून उतरायचं. विजा कडाडायला लागल्या तर लोखंडाला हात न लावता शिड्यांपासून लांब थांबा.

आणि सकाळी चढायच्या आधीच बारीत एखाद्या घरी जेवणाचं सांगून ठेवा. किती जण ते नीट सांगा. उतरून आलात की चुलीवरची भाकरी, पिठलं आणि ठेचा तयार असतो. न सांगता आलात तर चूल पेटण्यापासून वाट बघा.